होमकमिंगचा आठवडा आणि शेवंतीचं फूल

शर्वरी_टेक्सास
८ सप्टेंबर २०२५

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो, पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली. लेक यंदा नववीत गेली, म्हणजे इथल्या हायस्कूलचं पहिलं वर्ष. मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. परवा दप्तर खाली ठेवायच्या आतच म्हणाली, "आई, मला मम लागेल. तीन आठवडेच राहिलेत."

हे मम काय ते बघायला दुकानात गेले, तर अख्खी एक रांग त्याच सामानाने भरलेली. ताटाएवढं कापडी फूल, त्याखाली गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, घंटा, छोटी अस्वलं, लुकलुकणारे दिवे. घरगुती ऑर्डर घेणाऱ्या एका बाईंनी साध्यातल्या साध्याचे दीडशे डॉलर सांगितले. एका दिवसासाठी! होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना शाळेत परत बोलावतात त्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचच्या दिवशी छातीवर लावून शाळेत जायचं, बस.

त्या आठवड्यात रोज वेगळा वेष, मग पेप रॅली (संघाला जोश चढवायचा मेळावा), मॅच, शनिवारी डान्स. आमच्याकडे शाळा जास्त आणि स्टेडियम कमी, त्यामुळे काही मॅच शुक्रवारऐवजी गुरुवारी होतात. लेकीच्या शाळेची आली आहे २ ऑक्टोबरला, नेमकी दसऱ्याला. त्या संध्याकाळी आमच्याकडे दहा-बारा घरं सोनं द्यायला येतात. ती म्हणते, बँड मैदानावर असताना मी घरी कशी थांबू? नवरा म्हणतो, शाळेतल्या फुटबॉलसाठी एवढा खर्च, एवढा गाजावाजा कशाला? त्याचं पटतं, आणि तिचा उतरलेला चेहराही बघवत नाही. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी सांगा, यात नक्की आहे तरी काय?


नीलिमा_प्लेनो
८ सप्टेंबर २०२५

शर्वरी, आधी ममचं सांगते. माझ्या दोघी मुली इथूनच शिकून बाहेर पडल्या, त्यामुळे या विषयात माझा हात चांगला बसला आहे.

मम म्हणजे क्रिसँथेमम. आपली शेवंती! पूर्वी खरंच ताजं फूल असायचं. मुलगा आपल्या मैत्रिणीला द्यायचा आणि ती ते मॅचला लावून यायची. फुलाला दोन-चार रिबिनी, एवढंच. पुढे कापडी फूल आलं. ते कोमेजत नाही, म्हणून जपून ठेवता येतं, आणि पाहिजे तेवढं मोठं करता येतं. मग ते वाढतच गेलं. टेक्सासच्या बाहेर हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे बाकी राज्यांतल्यांना विचारून उपयोग नाही.

रंगांचा रिवाज असा: नववी ते अकरावीच्या मुली शाळेच्या रंगांत, बारावीच्या मुली पांढऱ्या-चंदेरीत. म्हणून पांढरं मम लांबून दिसलं तरी कळतं की हिचं शेवटचं वर्ष. मुलांसाठी दंडावर बांधायचं छोटं असतं, त्याला गार्टर म्हणतात. जुनी पद्धत म्हणजे मुलाच्या आईने मुलीचं मम करायचं आणि मुलीच्या आईने मुलाचं गार्टर. हल्ली मैत्रिणी-मैत्रिणी एकमेकींना देतात, आया लेकींना देतात. जोडीदार नाही म्हणून कुणी अडत नाही.

दीडशे डॉलर अजिबात देऊ नकोस. जाड पुठ्ठा, फूल, रिबिनींची रिळं, गरम गोंदाची पिस्तूल, चिकटवायची अक्षरं. चाळीसच्या आत होतं. रिबिनींच्या वेण्या घालायला दोन संध्याकाळी जातात, पण त्या वेळात पोरगी शेजारी बसून जे बोलते ते एरवी बोलत नाही. रविवारी ये माझ्याकडे, उरलेलं सामान पोतंभर आहे.

आणि एक. बँडच्या मुलांना मॅचला युनिफॉर्म असतो, त्यामुळे संध्याकाळी मम काढून ठेवावं लागतं. मोठी सपाट पिशवी बरोबर दे, नाहीतर रिबिनींचा गुंता होतो.


कोलंबियाकर
९ सप्टेंबर २०२५

मी मिसुरी विद्यापीठात एमएस केलं, म्हणून इतिहासाची भर घालतो. होमकमिंग ही मूळची कॉलेजांची प्रथा, शाळांनी ती नंतर उचलली. आमच्या विद्यापीठात सांगतात ती गोष्ट १९११ ची. कॅन्ससबरोबरचा वार्षिक सामना तोवर कॅन्सस सिटीत व्हायचा. मग नियम आला की सामने विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवरच खेळायचे. कोलंबिया लहान गाव, तिथे प्रेक्षक आणायचे कुठून? क्रीडा विभागाचे प्रमुख चेस्टर ब्रुअर यांनी माजी विद्यार्थ्यांनाच आवाहन केलं, सामन्यासाठी घरी या. नऊ हजारांवर लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला.

पहिला मान कुणाचा यावर मात्र वाद आहे. टेक्सासमध्ये वेको इथल्या बेलर विद्यापीठाने १९०९ मध्येच माजी विद्यार्थ्यांना बोलावून मिरवणूक, शेकोटी आणि सामना असा कार्यक्रम केला होता. इलिनॉयवाले १९१० सांगतात. मी मिसुरीचा असलो तरी तारखा बघता बेलरचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही.

मुद्दा असा, की होमकमिंग हे नाव खेळामुळे पडलेलं नाही, परत येणाऱ्या माणसांमुळे पडलं आहे. सामना हे त्यांनी येण्याचं निमित्त.


सुहास_जर्सी
९ सप्टेंबर २०२५

मी दुसरी बाजू मांडतो, कारण ती इथे कुणी मांडणार नाही असं दिसतंय.

आमचा मुलगा अबोल. अकरावीत असताना होमकमिंगच्या आधी शाळेत त्याच्या जेवणाच्या टेबलावरच्या सहाही मुलांचे बेत ठरले. कोण कुणाबरोबर, कुठे जेवायचं, कुणाच्या अंगणात फोटो काढायचे. ह्याला कुणी विचारलंच नाही. तो शनिवारी संध्याकाळी आठ वाजता दिवा बंद करून झोपला. पोटच्या पोराला असं बघणं काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

मुलीला डान्सला विचारायचं तर मोठं पोस्टर करून, सगळ्यांसमोर, कुणीतरी फोनवर चित्रण करत असताना. होमकमिंगचे राजा-राणी मतदानाने निवडायचे. आधीच ज्यांच्याभोवती गर्दी असते त्यांच्या डोक्यावर आणखी एक मुकुट. काही शाळांनी राजा-राणी हे प्रकार बंद करून नुसता मान ठेवला आहे, मुलगा-मुलगी अशी वाटणी काढली आहे, ते चांगलं केलं. पण आत कोण आणि बाहेर कोण हे त्या आठवड्यात जितकं उघडं पडतं तितकं वर्षभरात पडत नाही.

शर्वरीताई, तुमच्या यजमानांचा प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकू नका.


अनय_ह्यूस्टन
९ सप्टेंबर २०२५

सुहासकाका, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्या वर्गातही असे होते. मी स्वतः तसाच झालो असतो, बँड नसता तर.

माझं वय २६. जन्म इथलाच, मराठी रविवारच्या शाळेत आणि आजीकडून शिकलो, चुका पोटात घाला. मी ट्रंपेट वाजवायचो. टेक्सासमध्ये मार्चिंग बँड ऑगस्टच्या उन्हात सुरू होतो, शाळा उघडायच्याही आधी. डांबरी पार्किंगवर रेघा आखलेल्या असतात. कितव्या ठोक्याला कुठल्या खुणेवर पाय पडला पाहिजे हे अंगात भिनेपर्यंत चालायचं. शाळा सुरू झाली की शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही असा नियम आहे, तो नसता तर आमचे सर आम्हाला रात्रीही सोडते ना.

होमकमिंगला आम्ही बोलवायची वाट बघत नव्हतो. बँड आपोआप तिथे असतोच. खेळाच्या बारा-बारा मिनिटांच्या चार पाळ्या, मधल्या विश्रांतीत मैदान आमचं. मॅच संपली, हरलो किंवा जिंकलो, तरी खेळाडू हेल्मेट हातात घेऊन आमच्यासमोर येऊन उभे राहतात आणि सगळे मिळून शाळेचं गीत गातात. सकाळी ज्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो तो सव्वासहा फुटी मुलगा समोर घामाने निथळत उभा असतो आणि त्यालाही तेच शब्द पाठ असतात.

शर्वरीमावशी, काकांना आणखी एक सांगा. टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदा आहे, विषयात सत्तरच्या खाली गेलं की मैदानावर उतरता येत नाही. खेळाडूंना लागू तसा बँडलाही. माझं भूमितीचं गणित या भीतीनेच सुटलं.


मधुरा_नाशिक
१० सप्टेंबर २०२५

मी कधी अमेरिकेला आलेले नाही, पण वाचताना सारखं आमचं कॉलेज आठवत होतं. डेज! साडी डे, ट्विन्स डे, मिसमॅच डे, ट्रॅडिशनल डे, आणि मग गॅदरिंगला फिशपॉन्ड. तुमच्याकडचे आठवड्याचे वेष अगदी तेच वाटतात. तिथे मुलं काय काय घालतात?

आमच्या दहावीच्या बॅचने पंचवीस वर्षांनी मेळावा केला. बाकांवर बसलो, बाईंनी हजेरी घेतली, सगळे रडले. पण तो आमचा आम्हीच केला. आत्ता त्या शाळेत शिकणाऱ्या एकाही मुलाला आमचा पत्ता नव्हता, आम्हालाही त्यांचा. एकाच संध्याकाळी जुने आणि नवे एकत्र, हे आपल्याकडे मी बघितलेलं नाही.


नीलिमा_प्लेनो
१० सप्टेंबर २०२५

मधुरा, एक दिवस पायजम्यात, एक दिवस जुळ्यांचा, एक दिवस जुन्या दशकाचा, शेवटी शाळेच्या रंगांचा. माझ्या धाकटीने सत्तरच्या दशकासाठी माझ्या सासूबाईंची पातळं मागवली होती.

मॅच एरवी शुक्रवारीच का, असं मला फोनवर एकीने विचारलं, ते इथेच लिहिते. १९६१ च्या कायद्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी व्यावसायिक फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण होऊ नये अशी तजवीज झाली. शुक्रवार शाळांना, शनिवार कॉलेजांना, रविवार बड्या संघांना. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी आख्खं गाव शाळेच्या मैदानावर. टेक्सासात तर विचारू नका. आमच्या शेजारच्या ॲलन गावाने २०१२ मध्ये शाळेसाठी सहा कोटी डॉलरचं, १८,००० खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं. आणि लोकांनी त्यासाठी कर्जरोख्यांच्या बाजूने मतं दिली होती. सुहास, ह्या पैशांबद्दल तुम्ही बोलाल तर मी तुमच्या बाजूने बोलेन.


विदुला_आयोवा
११ सप्टेंबर २०२५

तीन दिवस नुसती वाचते आहे. आज लिहिते, जरा लांब होईल.

आम्ही तेरा वर्षं आयोवातल्या एका छोट्या गावात आहोत. नवरा इथल्या दवाखान्यात डॉक्टर. चहूकडे मका आणि सोयाबीन. हायस्कूलमध्ये इतकी कमी मुलं की आमचा संघ आठ खेळाडूंचा फुटबॉल खेळतो. अकरा जण जमवणंच शक्य नाही, आणि आयोवात अशा शाळांसाठी आठांची वेगळी स्पर्धा आहे. माझा मुलगा सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, खेळलेला, म्हणून त्याला चेंडूला लाथ मारायला घेतलं, म्हणजे किकर.

त्याच्या पहिल्या होमकमिंगच्या आठवड्यात बुधवारी पहाटे मी पडदा सरकवला आणि जागीच थिजले. दारातलं मेपलचं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत टॉयलेट पेपरने गुंडाळलेलं. पांढऱ्या पट्ट्या वाऱ्यावर हलत होत्या. गावात आम्ही एकटेच भारतीय. माझ्या मनात जे आलं ते इथे लिहीत नाही, पण परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला ते कळेल. मी नवऱ्याला म्हटलं, पोलिसांना फोन कर.

तेवढ्यात शेजारचे आजोबा काठी टेकत आले. झाडाकडे बघून खुदकन हसले. म्हणाले, "अभिनंदन! पोराला संघाने आपलं मानलं." होमकमिंगच्या आठवड्यात संघातल्या मुलांच्या घरांवर रात्री कागद टाकायचा, ही इथली जुनी खोड. ज्याच्या झाडावर कागद नाही त्याच्या आईला वाईट वाटतं. मी पायरीवर बसून रडले. तो कागद पावसात भिजून फांद्यांना चिकटला आणि नोव्हेंबरपर्यंत निघाला नाही. मीही काढायची घाई केली नाही.

शुक्रवारी दुपारी शाळा लवकर सुटते. मेन स्ट्रीट बंद. दुकानांच्या काचांवर मुलांनी आदल्या दिवशी रंगवलेली चित्रं. पुढे अग्निशमन दलाची गाडी, मग बँड, मग ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्या, प्रत्येक इयत्तेची एक. ऐन कापणीचे दिवस, तरी त्या दोन तासांसाठी कंबाइन बांधावर उभी करून माणसं येतात. ट्रॉलीवरून गोळ्या-चॉकलेटं फेकतात, लहान मुलं पिशव्या घेऊन कडेला उकिडवी बसलेली. एका ट्रॉलीवर गवताच्या गठ्ठ्यांवर पन्नास वर्षांपूर्वी पास झालेली बॅच बसते. आमचे शेजारचे आजोबा १९६४ च्या बॅचचे. त्यांचं शाळेचं अक्षर शिवलेलं लोकरी जाकीट आता पुढे बंद होत नाही, पण त्या दिवशी ते घालतातच, कितीही उकडत असो.

सुहासभाऊ, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि इतक्या लहान शाळेतही घडतं. माझ्या मुलीला तिसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही. ती तिकीटखिडकीवर बसली आणि शेवटच्या वर्षी पुन्हा तिथेच बसली, तेव्हा मात्र आवडीने. पण पहिल्या खेपेची ती रात्र तिच्यासाठीही अंधारीच होती.

मुलगा आता शिकागोला शिकतो. गेल्या रविवारी फोनवर म्हणाला, "आई, होमकमिंग कितीला आहे? गाडी काढून येतो." दिवाळीला ये म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, त्याला परीक्षा होती. होमकमिंगला त्याने रजा काढली. मला लागलं थोडं. मग कळलं, आम्ही दोघं घरी जायचं म्हणतो तेव्हा सांगली म्हणत असतो. त्याच्या डोळ्यांसमोर हा रस्ता येतो, हे मेपलचं झाड येतं. त्याला परत यायला एक गाव आहे, आणि ते आम्ही दिलेलं नाही, ह्या लोकांनी दिलं आहे.


सुहास_जर्सी
११ सप्टेंबर २०२५

विदुलाताई, तिकीटखिडकीचं वाचून थांबलो. आमच्या शाळेत कुणी मोठ्या माणसाने असं एखादं काम पोराच्या हाती दिलं असतं तर त्या शनिवारी दिवा आठला बंद झाला नसता. माझी तक्रार बहुधा होमकमिंगवर नव्हतीच, न बघणाऱ्या मोठ्यांवर होती. त्यात मीही आलो. तो झोपला आहे असं समजून मी दार उघडलं नाही.


शर्वरी_टेक्सास
१२ सप्टेंबर २०२५

सगळ्यांचे आभार. विदुलाताईंचा प्रतिसाद रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. काही बोलला नाही. सकाळी विचारलं, "बँडच्या पालकांना काय काम असतं?" अनय, सांग बरं.


अनय_ह्यूस्टन
१२ सप्टेंबर २०२५

भरपूर! पाण्याचे मोठे थर्मास वाहायचे, गणवेशांच्या पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या, आणि मैदानावर जी मोठी सजावट लागते ती विश्रांतीत ढकलत नेऊन दोन मिनिटांत जागेवर लावायची. आमच्याकडे बाबालोकांची एक पलटण होती. काकांना चांगले बूट घालायला सांगा.


शर्वरी_टेक्सास
५ ऑक्टोबर २०२५

झालं एकदाचं. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

मम नीलिमाकडे बसून केलं, एकूण छत्तीस डॉलर. रिबिनींच्या वेण्या घालताना लेकीला मी माझ्या आजीचं सांगितलं. आजीच्या परसात पिवळी शेवंती होती, दसऱ्याच्या तोरणात झेंडूच्या मधे ती शेवंती ओवायची आणि उरलेल्या फुलांची वेणी करायची. लेकीने कधी ऐकलं नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नव्हतं. तिने एका रिबिनीवर आपलं नाव चिकटवलं आणि दुसरीवर जिथे मित्राचं नाव लिहितात तिथे पणजीचं. शाळेत कुणी विचारलं तर काय सांगशील म्हटलं, तर म्हणाली, खरं तेच.

दसऱ्याला सकाळी सहाला पूजा केली. पाटावर सरस्वती काढली, पुस्तकं ठेवली, आणि शेजारी क्लॅरिनेट. त्याला हळदकुंकू लावताना ती घाबरली की बटणांत जाईल, म्हणून डब्याला लावलं. मम देवासमोर ठेवलं आणि मग ती ते लावून शाळेत गेली. चालताना घंटा वाजत होत्या.

संध्याकाळी येणाऱ्या घरांना आठवडा आधी कळवलं होतं, यंदा सोनं स्टेडियमवर. सात घरं आली. इथे आपटा मिळत नाही, पण अंगणात रेडबड आहे, आपट्याच्याच कुळातलं झाड, त्याची पानं नेली. मधल्या विश्रांतीत नवरा निळा टीशर्ट घालून मैदानावर चाकांची कमान ढकलत होता. लेक कुठे आहे ते मला दीडशे मुलांत ओळखता येईना. नंतर एका वळणावर सगळी रांग आमच्याकडे तोंड करून वळली आणि दिसली.

आमची शाळा नवी आहे, त्यामुळे विदुलाताईंच्या आजोबांसारखं कुणी नव्हतं. आलेले माजी विद्यार्थी म्हणजे फार तर तिशीतले, कडेवर पोरं घेतलेले. त्यांच्यातली काही जण बँडच्या कठड्याशी उभी राहून सध्याच्या मुलांबरोबर शाळेची धून वाजवत होती. एकीने बाळ नवऱ्याकडे दिलं, हातात क्लॅरिनेट घेतलं आणि माझ्या लेकीशेजारी उभी राहिली. दोघींच्या बोटांच्या हालचाली अगदी सारख्या.

मॅच आम्ही हरलो, मोठ्या फरकाने. तरी शेवटचं गीत होईपर्यंत आमच्या बाजूचं कुणी उठलं नाही. मग नवऱ्याने घामेजल्या हाताने एक पान काढून बँडच्या सरांच्या हातावर ठेवलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी ते नीट खिशात ठेवलं.

डान्सला ती बँडच्या पाच मुलींबरोबर गेली आणि साडेदहाला पाय दुखतात म्हणून परत आली. सुहासदादा, त्या पाचांतली एक कुणाबरोबरच जाणार नव्हती. लेकीला मी तुमचा प्रतिसाद वाचायला दिला होता. तिनेच त्या मुलीला फोन केला.

आता प्रश्न नीलिमाला. मम दाराच्या तोरणाशेजारी लटकवलं आहे. तोरण उद्या उतरवीन, पण हे कुठे ठेवतात? घडी घातली तर वेण्या मोडतील.


नीलिमा_प्लेनो
५ ऑक्टोबर २०२५

घडी मुळीच घालू नकोस. कपाटात कोट टांगतो तसं हँगरला बांध, वरून पातळ चादर टाक. उन्हात नको, रिबिनींचा रंग विटतो. माझ्या थोरलीची चारही वर्षांची तशीच टांगलेली आहेत, शेवटचं पांढरं. गेल्या महिन्यात ती आली होती, तेव्हा कपाट उघडून बराच वेळ आत उभी होती.